बिनचाकाची फटफटी

तयाररावांना तयारराव हे नाव त्यांच्या मेहुण्याने दिलं, तेही लग्नाच्या दिवशी. फोटो काढताना मेहुण्याच्या शर्टाचं बटण तुटलं आणि नवरदेवाने कोटाच्या आतल्या खिशातून सुई, दोरा आणि जवळजवळ तसंच बटण काढून दिलं. तेव्हापासून घरात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही.

धंदा चष्म्यांचा. रस्त्याला लागून छोटंसं दुकान, त्याच्या मागे घर, मध्ये फरशी घातलेलं अंगण. दुकानात काचा घासायचं यंत्र, अक्षरं लहान लहान होत जाणारा तक्ता आणि फ्रेमींचे खण. स्वतःचा चष्मा फुटला तर दुसरा खणात असे, दुसरा फुटला तर तिसरा शर्टाच्या खिशात. छत्री एक दुकानात, एक घरात आणि एक दाराबाहेर, आतली छत्री आणायला भिजत जावं लागू नये म्हणून. असा माणूस बायकोला वेड लावायचा, पण दिवे गेले की शेजारपाजारचे झाडून सगळे त्यांच्याकडे यायचे.

त्यांच्याकडे एक मोटरसायकल होती आणि मोटरसायकलबरोबर एक हिरवी कॅनव्हासची पिशवी. पिशवीत ठिगळं, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपर, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, पाने आणि गुंडाळलेली रबरी नळी असलेला पायपंप. गाडी घेतली त्याच आठवड्यात त्यांनी ही पिशवी घेतली होती आणि गाडीवर जातील तिथे ती बरोबर असायची. अडचण एकच होती. गाडी इतकी वर्षं झाली तरी एकदाही पंक्चर झाली नव्हती.

आता ही कुणालाही बरी वाटेल अशी गोष्ट. तयाररावांच्या ती मनाला लागत असे. मित्र यायचे, काल अमुक रस्त्यावर चाक बसलं म्हणून सांगायचे, आणि तयारराव त्यांच्याकडे असं बघायचे, जसं कुणी परदेश फिरून आलेल्याकडे बघावं. दुकानासमोर रस्त्यापलीकडेच पंक्चरवाल्याचं दुकान होतं. जाडजूड, संथ माणूस. जुन्या टायरांच्या उतरंडीवर बसून दिवसभर चहा प्यायचा. तो तयाररावांना म्हणायचा, "तुमच्यासारखी आणखी चार गिऱ्हाइकं असली ना, तर मी दुकानाला कुलूपच लावीन."

"झालं तरी मी तुमच्याकडे येणार नाही," तयारराव सांगायचे. "माझं मी काढीन."

"काढा की. मी बघायला येईन."

आणि मग सासूबाईंनी फटफटीवर बसायचं ठरवलं.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरत असलेली, पण जीभ अजून नवी कोरी असलेली बाई. त्यांची धाकटी बहीण पुढच्या गावात राहायची, आणि दोघींचा रोज फोन व्हायचा, तो बहुतेक एकमेकींवर मात करायलाच. एक दिवस धाकटीने सांगितलं की नातवाने तिला मोटरसायकलवरून फिरवलं. केस कसे उडाले, वारा कसा कानात शिरला, सगळं सांगितलं. सासूबाईंनी फोन ठेवला, दोन दिवस गप्प राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "जावईबापू, येत्या रविवारी मला तुमच्या फटफटीवरून तिच्या दारात नेऊन उतरवा. बसने नाही. फटफटीवरून."

बायको म्हणाली, "आई, तुझे गुडघे."

"फटफटीवर गुडघ्यांना काय काम असतं? बसायचंच तर आहे."

दुसरा कुणी जावई असता तर त्याने काहीतरी निमित्त काढून टाळलं असतं. तयाररावांना मात्र तयारीला नवीन विषय मिळाला. गाडी डबल स्टँडवर लावून त्यांनी अंगणात सासूबाईंचा सराव घेतला. चढायला स्टूल, उतरायला खुर्ची. वळणावर माणसाने कुठे झुकायचं, खड्डा आला की काय धरायचं. सासूबाई झुकायच्या इतक्या मनापासून की बायकोला शेजारी उभं राहून त्यांना सावरावं लागे. हेल्मेटचा प्रश्न तेवढा अवघड गेला. सासूबाईंचा अंबाडा हेल्मेटात मावेना, आणि अंबाडा सोडायला त्या तयार होईनात. शेवटी बायकोने अंबाडा मानेपर्यंत खाली आणला, तेव्हा हेल्मेट कसंबसं बसलं.

रविवारी सकाळी सासूबाई सगळ्यांच्या आधी आवरून, हेल्मेट घालून, अंगणात खुर्चीवर बसल्या. एकदा घातलेलं हेल्मेट आता पोचल्याशिवाय काढायचं नाही, कारण ते घालायला मुलीचे दोन्ही हात आणि बराच वेळ लागला होता. तयारराव पिशवी घेऊन बाहेर आले, गाडीला बांधायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

मागचं चाक पार बसलं होतं. टायर फरशीवर पसरला होता.

बायको स्वयंपाकघरात डबा भरत होती. तयारराव दारात आले आणि हळूच म्हणाले, "पंक्चर आहे."

तिने मान वर केली. वीस वर्षांच्या संसारात हा चेहरा तिने त्यांची मुलगी जन्मली तेव्हा एकदा पाहिला होता. "मग समोर टाका," ती म्हणाली. "बसलाय तो उघडून. अर्ध्या तासात देईल."

"समोर कशाला?"

"अहो, आई केव्हाची हेल्मेट घालून बसलीय."

"त्याच्यापेक्षा लवकर होईल," असं म्हणून तयारराव बाह्या दुमडत गेलेसुद्धा.

सुरुवात फार छान झाली. अंगणात वर्तमानपत्रं अंथरली. गाडी डबल स्टँडवर चढवली. चेन सैल केली, ब्रेकचा दांडा सोडवला, मागच्या चाकाचा एक्सल ठोकून काढला. निघालेला प्रत्येक नट पुसून ओळीने मांडला. चाक बाहेर आलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांत धरून सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी हेल्मेटातूनच मान डोलावली.

टायरवरून हात फिरवताना बोटाला काहीतरी टोचलं. चपलेच्या टाचेला मारतात तसली बारीक चूक. पकडीने ती उपटून ते स्वयंपाकघराकडे वळले. "अगं, चूक सापडली."

"कुणाची?" आतून आवाज आला.

"टायरमधली."

"मला वाटलं आता कबूल करताय."

ट्यूब बाहेर निघाली. भोक नक्की कुठे ते बघायला पाण्यात बुडवायला हवी. बायकोने मोठं पातेलं द्यायला साफ नकार दिला. मग सासूबाईंचं रात्री पाय शेकायचं घमेलं आलं. सासूबाईंनी आधी कुरकुर केली आणि मग चष्मा हेल्मेटात सरकवून स्वतःच घमेल्यावर वाकल्या. "हे बघा, इथे बुडबुडे," त्या म्हणाल्या. "अजून दाबा. हां. कसे छान येतायत." त्यांना त्यात इतकी गोडी लागली की भोक सापडल्यावरही आणखी थोडा वेळ दाबायला लावलं.

तयाररावांनी जागा कोरडी केली, पॉलिश पेपरने खरखरीत केली, आणि सोल्युशनची ट्यूब उघडून दाबली. काही आलं नाही. जोरात दाबली. ट्यूब मोडली आणि आतून वाळलेल्या डिंकासारखी एक पिवळी कांडी बाहेर पडली. इतकी वर्षं न वापरता जपून ठेवलेलं सोल्युशन आतल्या आत दगड होऊन गेलं होतं.

तयारराव ती कांडी हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग घरातून एक वाटी घेऊन रस्ता ओलांडून गेले.

"जरा सोल्युशन आहे का?" त्यांनी साखर मागावी तशा आवाजात विचारलं.

पंक्चरवाल्याने चहाचा पेला खाली ठेवला. "पंक्चर आहे?"

"नाही म्हणजे, आहे. पण मी काढतोय. नुसतं सोल्युशन द्या."

पंक्चरवाल्याने वाटीत सोल्युशन ओतलं, आणि तयारराव परत येऊन पाहतात तर तो टायरांच्या उतरंडीवरून उठून, एक टायर उचलून, रस्त्याच्या अलीकडे त्यांच्या फाटकाजवळ तो मांडून त्यावर बसला होता. चहासकट.

ठिगळ बसलं. ट्यूब टायरात गेली. टायर रिमवर चढवताना शेवटचा भाग काही केल्या जाईना, तेव्हा तयाररावांनी लोखंडी पट्टीने जोर लावला आणि तो फट्कन आत गेला. पायपंपाने हवा भरली. चाक टणक झालं. त्यांनी घाम पुसला. घाम पुसून होईपर्यंत चाक परत मऊ.

फाटकाशी पंक्चरवाला चहा फुंकत म्हणाला, "ट्यूब पट्टीने चिमटली."

"मला कळलं," तयारराव म्हणाले.

पुन्हा ट्यूब बाहेर. पुन्हा घमेलं. सासूबाई खूश. पुन्हा ठिगळ, पुन्हा पट्टी, आणि पुन्हा चिमटा, या वेळी दुसऱ्या बाजूला. ट्यूब आता अंगावर गोधडी पांघरल्यासारखी दिसू लागली होती.

नेमका तेव्हा फोन वाजला. सासूबाईंचा. त्यांनी तो हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये दाबून बसवला.

"निघालात का गं ताई?" धाकटीचा आवाज अंगणभर ऐकू आला, कारण सासूबाईंच्या फोनचा आवाज नेहमी शेवटपर्यंत वाढवलेला असे.

सासूबाईंनी बिनचाकाच्या गाडीकडे पाहिलं. घमेल्याकडे पाहिलं. "केव्हाच," त्या म्हणाल्या. "वाटेत आहोत."

"वाटेत? मग फटफटीचा आवाज कसा येत नाही?"

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि जावयाकडे नुसतं पाहिलं. तयाररावांना ती नजर ठाऊक होती. त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना हे बघितलं, परत एकदा बघितलं, आणि किक मारली. चाक नसलेली गाडी अंगणात धडधडायला लागली.

"आता?" सासूबाई ओरडल्या. "आता येतोय का?"

"येतोय. पण वारा नाही ऐकू येत. मला तर वारा किती लागला होता."

आता बायको दारात आली होती. इतका वेळ ती आत भांडी जरा जास्तच आपटत होती. तिने आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आत गेली, आणि टेबलफॅन घेऊन आली. वायर पुरेना, तेव्हा तयाररावांनी पिशवीच्या शेजारच्या खोक्यातून जोडवायर काढली. ती त्यांच्याकडे असणारच होती. फॅन सुरू झाला आणि वर्तमानपत्रं अंगणभर उडाली. ओळीने मांडलेले नट कागदांबरोबर कुठे कुठे गेले, ते दिसलं नाही.

पण सासूबाईंचं समाधान होईना. खुर्चीवर बसून खोटं बोलणं त्यांना जड जात होतं. त्यांनी हाताने खूण केली, मला वर बसवा. मागे चाक नाही, मागे वजन पडलं तर गाडी उलटायची, म्हणून तयाररावांनी गाडीच्या शेपटाखाली दुकानातलं लाकडी खोकं सरकवलं आणि स्टूल मांडून सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. सासूबाईंनी एका हाताने हँडल धरलं, पाठ ताठ केली, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"आता मोकळा रस्ता लागला," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "दोन्हीकडे शेतं. हिरवीगार."

या रस्त्याने सासूबाई आजवर कितीतरी वेळा बसने गेल्या होत्या, पण बसमध्ये त्यांना मळमळायचं म्हणून दर वेळी डोळे मिटून. त्यामुळे रस्त्यात काय काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती, आणि त्याने त्यांचं काही अडलंही नाही.

"आता पूल. केवढी नदी आहे गं. त्यात होड्या."

"होड्या?"

"पांढऱ्या. आता वळण आलं." सासूबाई सराव केल्याप्रमाणे झुकल्या. बायकोने पळत जाऊन सावरलं. "आता डोंगर. डावीकडे धबधबा. जावईबापू फार जोरात चालवतात बाई. मी सांगते सावकाश, तर ऐकतच नाहीत."

तयारराव शेजारी उकिडवे बसून अ‍ॅक्सिलरेटर पिळत होते. चढ आला की जास्त, उतार आला की कमी. हळूहळू त्यांनाही तो रस्ता दिसायला लागला होता. धबधब्याशी त्यांनी जरा वेग कमी केला.

आणि मान वळवली, तर फाटकात सासूबाईंची धाकटी बहीण उभी. खांद्याला पिशवी, कानाला फोन. शेजारी टायरावर पंक्चरवाला, तोंडाला लावलेला चहाचा पेला तसाच.

झालं होतं असं. धाकटीला ताईच्या फटफटीवर विश्वासच नव्हता. ती कशी चढते ते डोळ्यांनी बघायचं म्हणून ती सकाळच्या पहिल्या बसने इकडे यायला निघाली होती. स्टॉपवर उतरून, जरा थांबा म्हणून सांगायला तिने फोन केला, तर ताई म्हणते, केव्हाच निघालो. चुकामूक झाली असं समजून ती निदान भाचीला भेटून जावं म्हणून गल्लीत वळली होती.

तयाररावांनी तोंड उघडलं, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मावशीने त्यांना बोटाने गप्प राहायची खूण केली आणि फोनमध्ये म्हणाली, "मग आता कुठे आहेस ताई?"

"आता घाट," सासूबाई म्हणाल्या.

"जप हं. खाली बघू नकोस."

"खाली नुसतं धुकं आहे."

बायकोने मावशीला पाहिलं, आणि पदार्थ घशात अडकावा तसा आवाज काढून ती टेबलफॅनमागे जाऊन बसली.

"मागे कुणी बसलंय का गं?" मावशीने विचारलं.

"मागे मीच बसलेय. जावईबापू पुढे."

"मग हँडल का धरलंयस?"

हेल्मेटामुळे मान नुसती वळत नसे, म्हणून सासूबाई कमरेपासून सगळ्याच्या सगळ्या वळल्या. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या, कानाला फोन तसेच. तयाररावांनी गाडी बंद केली. फॅन तेवढा फिरत राहिला.

तयाररावांना वाटलं, आता दोघींचं बोलणं बंद होणार, आणि वर्षभर निरोप आपल्यालाच पोचवावे लागणार. पण मावशी फाटक उघडून आत आली, स्टुलावर चढली, आणि ताईच्या मागच्या सीटवर बसून म्हणाली, "सरक की जरा पुढे." खोकं करकरलं, पण टिकलं.

"तू काय हसतेस?" सासूबाई म्हणाल्या. "तुझे केस उडाले म्हणे."

"केस कसले उडतात. पेट्रोल नव्हतं त्याच्या गाडीत. पंपापर्यंत ढकलत नेली, मी वर बसलेली होते. वाऱ्यासाठी तोंड उघडं ठेवलं होतं एवढंच."

त्यावर सासूबाई इतक्या हसल्या की हेल्मेटाच्या काचेवर वाफ धरली. तयाररावांनी चष्मे पुसायचं फडकं काढून दिलं.

मग सगळ्यांनी मिळून नट शोधले. एक घमेल्यात सापडला, एक मावशीच्या चपलेखाली. तयाररावांनी नव्या भोकावर ठिगळ लावलं, पंक्चरवाल्याने कुणी न बोलावता टायर धरला, आणि दोघांनी एकमेकांना सूचना देत, शेवटचा भाग पट्टीऐवजी अंगठ्यांनी चढवला. हवा भरली. सगळे चाकाकडे बघत राहिले. चाक टणकच राहिलं. तयाररावांनी ते दाबलं, पुन्हा दाबलं, आणि पंक्चरवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ठिगळं जरा जास्त झाली. पण बसलीत चांगली." तयाररावांना आयुष्यात कुणी एवढं मोठं काही म्हटलं नव्हतं.

आता भेटायला जिच्याकडे जायचं ती मावशीच इकडे होती, तेव्हा जाण्याचं कारण उरलं नाही, असं बायको म्हणाली. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. त्या सकाळपासून हेल्मेट घालून बसल्या होत्या. त्यांनी ते जेवतानाही काढलं नव्हतं, नुसती काच वर केली होती. ठरलं असं की मावशी बसने परत जाईल आणि ही दोघं तिच्या मागोमाग फटफटीवरून.

मावशीने मुद्दाम शेवटची सीट धरली. बस सुटली आणि तिच्यामागे तयारराव. बस सावकाश, तयारराव त्याहून सावकाश. मागच्या काचेतून मावशी हात हलवत होती. सासूबाईही हलवत होत्या. असं बरंच अंतर गेल्यावर सासूबाईंनी जावयाच्या खांद्यावर थाप मारली.

"पुढे घ्या."

तयाररावांनी आजवर बैलगाडीलासुद्धा मागे टाकलं नव्हतं. समोरून काय येईल, सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. "आई, मागेच बरे आहोत आपण," ते म्हणाले.

"ती काचेतून जांभई देतेय बघा. घ्या पुढे."

तयाररावांनी समोर पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी हॉर्न दिला, पुन्हा दिला, अ‍ॅक्सिलरेटर पिळला. बसच्या खिडक्या एकेक करून मागे गेल्या, त्यातल्या एकीत तोंड उघडं टाकून बसलेली मावशी होती. मग बसच नव्हती. नुसता रस्ता होता, वारा होता, आणि कानाशी सासूबाई कुणाला तरी, बहुतेक रस्त्यालाच, बघ म्हणत होत्या.

मावशीच्या घरी पोचले तर दाराला कुलूप. किल्ली अर्थातच बसमध्ये. दोघं पायरीवर बसून राहिली. सासूबाईंनी हेल्मेट काढलं. अंबाडा सुटून एका बाजूला आला होता, पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

बऱ्याच वेळाने मावशी स्टॉपकडून चालत आली. आली ती कुलूप उघडायला गेलीच नाही. पिशवी पायरीवर ठेवली, किल्ली ताईच्या मांडीवर टाकली आणि हेल्मेट उचलून डोक्यावर घातलं. तिचे केस आखूड होते, त्यामुळे ते एका झटक्यात बसलं, आणि सासूबाईंना तेवढं मात्र आवडलं नाही.

थोड्या वेळाने घरून तयाररावांच्या बायकोचा फोन आला. "पोचलात ना नीट?" मुलीने विचारलं. "हे कुठेत?"

"गल्लीत आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या मावशीला घेऊन चकरा मारतायत. मघापासून चाललंय. मला आत जाऊन चहा ठेवायचाय, पण थांब, परत येतायत ते."

फोनमधून फटफटीचा आवाज जवळ आला, मोठा झाला, आणि लांब गेला.

"खरीच ना ही?" मुलगी म्हणाली.